नमुना सही

बत्तीस वर्षं मी बँकेत सह्या ताडून पाहिल्या.
काउंटरपलीकडे माणूस, अलीकडे त्याचं कार्ड,
मध्ये मी आणि माझा चष्मा.
'ळ'ची गाठ केवढी,
खालची रेघ कुठे उचलली,
रेघेखाली टिंबं एक की दोन.
तेव्हा सहकारनगरातल्या ह्या बारा बाय नऊच्या बागेत
मला कोणी फसवेल, असं वाटलं नव्हतं.

ऑक्टोबरचं ऊन. घाणेरीवर एक केशरी येऊन बसली,
पंखांची टोकं काळी, काळ्यात पांढरे ठिपके.
मी वहीत लिहिलं : बिबळ्या कडवा, सकाळी सव्वादहा.
वरच्या सबनिसांची ओवी कठड्यावरून वाकून म्हणाली,
"आजी, खोडा ते.
मागचा पंख बघा ना.
मधोमध तीन-चार टिकल्या असल्या तर कडवा.
हिला एकच आहे, तीही वरच्या काठाला.
ही चांदव्याची बायको."

कडवा लहानपणी रुई खातो,
म्हणून अंगभर कडू. पाखरं एकदा चोच लावतात,
पुन्हा वाटेला जात नाहीत.
ही वाढते घोळीवर,
जी आपण मुगाची डाळ घालून परततो.
म्हणजे अगदीच खाण्यासारखी, बिचारी.
नुसत्या कपड्यांवर जगते.

मी खोडलं. बँकेत खाडाखोड चालत नसे,
शेजारी छोटी सही करावी लागे.
सवयीने तीही केली.

मग काळ्या आल्या, शेपटीवाल्या,
मागच्या पंखावर पांढरा डाग, काठाला लाल चंद्रकोरी.
दोन होत्या. अगदी एकीसारखी दुसरी.
"आता पंख बघूच नका," ओवी म्हणाली, "अंग बघा.
लाल अंग, तर कॉमन रोज.
काळं अंग, तर कॉमन मॉरमॉन, नक्कल करणारी."
मी तिला बहुरूपी म्हणते. ओवीला ते चालतं.

लाल अंगाची सावकाश उडते,
जिला कोणी खाणार नाही तिला घाई कसली.
काळ्या अंगाचीही तशीच उडते,
कोणी टाळी वाजवेपर्यंत.
टाळी वाजली, की सोंग विसरून
सुसाट, वेडीवाकडी, कुंपणापार.

हे मला माहीत होतं.
खोटी सही खरीपेक्षा नीटस असते.
खऱ्या माणसाला आपली सही
दरवेळी तशीच काढायची गरज वाटत नाही.
माहीत होतं, तरी
मार्चअखेर होती, रांग दारापर्यंत होती,
आणि इंदुबाई लडकत पेन्शन काढायला आल्या.
कार्डावरची सही एकोणसत्तर सालची, ठसठशीत.
फॉर्मवरची ओळ थरथरत उतारावर गेलेली.
मी परत पाठवलं. गुरुवारी पुन्हा.
तिसऱ्या वेळी त्यांनी पेन माझ्याकडे सरकवून दिलं
आणि डावा अंगठा पुढे केला.
चौथीपर्यंत शिकलेली बाई.
शाई पुसायला मी त्यांना फडकं दिलं,
एवढंच दिलं.

ओवीला हे सांगितलं नाही.
ती शाळेला गेली, मी खुर्ची सावलीत ओढली.

बाराच्या सुमारास काळ्या अंगाची परत आली.
घाणेरी नाही, सदाफुली नाही,
थेट कढीपत्त्यावर.
पंख फडफडत राहिले, पोट वळवून
कोवळ्या पानाला टेकवलं
आणि गेली.
चष्मा पुसून पाहिलं : पिवळट, मोहरीहून लहान,
पानाशी घट्ट.

वहीत वेळ टाकली, नाव लिहिलं.
मग मागचं पान, त्याच्याही मागचं पान
उलटून पाहिलं.
माझ्या 'ळ'ची गाठ सुटत चालली आहे.
जूनमधली मी आणि आत्ताची मी,
कुठल्याही काउंटरवर
जुळणार नाही.

आमटीचं पातेलं चढवलं.
हिंग, जिरं, मोहरी.
कढीपत्ता आज
समोरच्या बनियांच्या दुकानातून, दोन रुपयांचा.